कोरी कॉफी : किती, कधी आणि कुणी?

सव्वीस-सत्तावीस वर्षांची एक मुलगी आईबरोबर दवाखान्यात आली. दोन जिने चढले की धाप लागते, दुपारनंतर डोके जड होते, केस गळतात, अशा तक्रारी होत्या. दिवसभर संगणकासमोर काम आणि संध्याकाळी जिम, असा तिचा दिनक्रम. हिमोग्लोबिन ८.६ होते. आई म्हणाली, "डॉक्टर, दोन महिने झाले हिला लोहाच्या गोळ्या सुरू करून. तरी रक्त वाढत कसं नाही?"

गोळी कधी घेतेस, असे मी मुलीला विचारले. "सकाळी, कॉफीबरोबर. वजन कमी करायचंय म्हणून नाश्ता बंद केलाय, फक्त ब्लॅक कॉफी घेते. मग जेवण झालं की एक आणि जिमच्या आधी एक."

तिला पाळीच्या वेळी रक्तस्राव जास्त होत होता, हे पुढच्या प्रश्नांतून कळले. म्हणजे रक्त कमी होण्याचे कारण कॉफी नव्हती. पण गोळी लागू न पडण्याचे एक मोठे कारण त्या कपात होते. गंमत म्हणजे मुलगी जे सांगत होती तेही खोटे नव्हते. "कॉफी लिव्हरला चांगली असते, मधुमेह टळतो, असं वाचलंय मी," ती म्हणाली. तिने वाचले होते ते बरोबरच होते, पण अर्धे होते. उरलेले अर्धे आज पाहू.

कपात असते काय?

मराठी घरात कॉफी म्हणजे दुधातली, भरपूर साखर आणि वर जायफळ-वेलदोडा घातलेली. पाहुण्यांसाठी किंवा उपासाच्या दिवशी केलेली. दूध-साखरेविना घेतलेल्या चहाला आपण कोरा चहा म्हणतो. त्याच चालीवर ही कोरी कॉफी. ती गेल्या काही वर्षांत जिम, ऑफिस आणि मोबाइलवरच्या आहारसल्ल्यांमधून घरात आली.

पोषणाच्या हिशेबाने पाहिले, तर कोऱ्या कॉफीत जवळजवळ काहीच नसते. मोठ्या कपात (सुमारे २४० मिली) जेमतेम दोन कॅलरी, साखर शून्य, चरबी नगण्य. थोडे पोटॅशियम, किंचित मॅग्नेशियम आणि 'ब' गटातील काही जीवनसत्त्वे अल्प प्रमाणात. त्यामुळे 'नाश्त्याऐवजी कॉफी' म्हणजे 'नाश्त्याऐवजी काही नाही'. पोटाला गरम वाटते, भूक काही वेळ दबते, पण प्रथिने, लोह, कॅल्शियम यांची त्या वेळची गरज तशीच राहते.

मात्र पोषक घटक नसले तरी परिणाम करणारे घटक भरपूर आहेत. पहिला कॅफीन. दुसरा क्लोरोजेनिक आम्ल आणि त्याच्या जातीची इतर पॉलिफेनॉल्स. तिसरा गट कॉफीच्या तेलातील कॅफेस्टॉल आणि काह्वेऑल यांचा. कॉफीचे बहुतेक गुण-दोष या तिघांभोवती फिरतात.

कॅफीन किती, हे कॉफी कशी केली यावर ठरते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहार मार्गदर्शक सूचनांनुसार १५० मिलीच्या कपात गाळून केलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम, इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ मिलिग्रॅम आणि चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असते. त्यातही बी कोणते, हे महत्त्वाचे. रोबस्टा जातीच्या बियांत अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट कॅफीन असते आणि भारतात पिकणाऱ्या कॉफीत मोठा वाटा रोबस्टाचा आहे. उलट, आपल्याकडे मिळणाऱ्या अनेक पावडरींत चिकोरी मिसळलेली असते. चिकोरी हे एका झाडाचे भाजलेले मूळ. तिच्यात कॅफीन नसते. पाकिटावर कॉफी आणि चिकोरीचे प्रमाण छापलेले असते, ते एकदा वाचून पाहा. कॉफीचे फायदे म्हणून आपण जे वाचतो, ते चिकोरीला लागू होत नाहीत.

तरतरी येते कुठून?

कॅफीन कॉफीच्या बियांतून प्रथम वेगळे केले ते फ्रीडलिब रुंगे या तरुण जर्मन रसायनशास्त्रज्ञाने, १८१९ च्या सुमारास. त्या बिया त्याला महाकवी गटे यांनी दिल्या होत्या. हे द्रव्य मेंदूत नेमके काय करते, हे समजायला मात्र पुढे दीडशेहून अधिक वर्षे जावी लागली.

आपण जागे असतो तेव्हा मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते. ते पेशींवरच्या ठरावीक खोबणीत जाऊन बसले की थकवा आणि झोप जाणवते. कॅफीनची घडण अ‍ॅडेनोसिनशी मिळतीजुळती. ते त्या खोबणीत आधीच जाऊन बसते आणि अ‍ॅडेनोसिनला जागा मिळत नाही. म्हणजे कॉफी शक्ती देत नाही. थकव्याची सूचना आपल्यापर्यंत पोहोचू देत नाही. थकवा आत साचतच असतो. कॅफीन उतरले की तो एकदम जाणवतो आणि हात पुन्हा कपाकडे जातो.

रक्तातील कॅफीन निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी पाचला १२० मिलिग्रॅमची कडक कॉफी घेतली, तर रात्री दहाला सुमारे ६० मिलिग्रॅम शरीरात असते. झोपायच्या वेळी इन्स्टंट कॉफीचा एक कप प्यायल्यासारखे. २०१३ मधील एका प्रयोगात झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन दिले, तरी झोप तासाभराहून अधिक घटली. 'मला कॉफीने काही होत नाही, मी पिऊन झोपतो,' असे म्हणणारे बरेच भेटतात. झोप लागते हे खरे, पण तिची खोली कमी होते आणि सकाळी पुन्हा कॉफी लागते. रात्रपाळीवाले आणि परीक्षेच्या दिवसांत जागणारी मुले या चक्रात हमखास सापडतात.

कॅफीन उतरण्याचा वेग प्रत्येकाचा वेगळा असतो. धूम्रपान करणाऱ्यांत ते लवकर उतरते. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत त्याला जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तर त्याहूनही जास्त.

फायदे : किती खरे, किती अंदाज?

कॉफीवर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत प्रचंड संशोधन झाले आहे आणि त्याचा एकूण कल कॉफीच्या बाजूने आहे. २०१७ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये दोनशेहून अधिक विश्लेषणांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. दिवसाला तीन-चार कप कॉफी पिणाऱ्यांत, अजिबात न पिणाऱ्यांच्या तुलनेत, कोणत्याही कारणाने होणाऱ्या मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्के कमी दिसला. यकृताच्या आजारांबाबतचा पुरावा विशेष ठळक आहे. कॉफी पिणाऱ्यांत सिरॉसिस आणि यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण कमी आढळते. टाइप-२ मधुमेह आणि पार्किन्सन्स यांचे प्रमाणही कमी दिसते. मधुमेहाबाबतचा संबंध कॅफीन काढलेल्या कॉफीतही दिसतो. म्हणजे तिथे श्रेय बहुधा क्लोरोजेनिक आम्लासारख्या घटकांचे आहे.

कोऱ्या कॉफीपुरते बोलायचे, तर २०२५ मध्ये अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ४६ हजारांहून अधिक प्रौढांच्या नोंदी तपासल्या. कोरी किंवा अगदी थोडी साखर-साय घातलेली कॉफी पिणाऱ्यांत मृत्यूचा धोका सुमारे १४ टक्के कमी होता. साखर आणि स्निग्धांश जास्त झाले, तिथे हा फरक दिसला नाही.

आता 'पण' पाहू. हे सारे निरीक्षणात्मक अभ्यास आहेत. लोक कॉफी किती पितात हे विचारायचे आणि पुढे त्यांना काय होते हे पाहायचे. त्यातून संबंध कळतो. कारण सिद्ध होत नाही. आजारी पडलेली माणसे डॉक्टरांच्या सांगण्यावरून कॉफी सोडतात आणि 'न पिणाऱ्यांच्या' गटात जातात, त्यामुळे पिणारे अधिक निरोगी दिसू शकतात. शिवाय यातील बहुतेक अभ्यास अमेरिका, युरोप आणि जपानमधले आहेत. म्हणून निष्कर्ष एवढाच : निरोगी माणसाला मध्यम प्रमाणातील कॉफीची भीती बाळगण्याचे कारण नाही, ती आवडत असेल तर खुशाल प्यावी. पण जे कॉफी पीत नाहीत त्यांनी औषध म्हणून ती सुरू करावी, इतका पुरावा नाही.

कर्करोगाचेही असेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९१ मध्ये कॉफीला 'कदाचित कर्करोगकारक' म्हटले होते. २०१६ मध्ये नवे पुरावे पाहून तिने तो शिक्का काढला. मात्र त्याच वेळी ६५ अंश सेल्सिअसपेक्षा गरम कोणतेही पेय अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका वाढवू शकते, असा इशाराही दिला. वाफाळता चहा-कॉफी घोट घोट ओढणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा इशारा लक्षात ठेवावा. दोन-चार मिनिटे थांबले तर बिघडत नाही.

वजन उतरते का?

जिममध्ये सर्वाधिक विचारला जाणारा हा प्रश्न. १०० मिलिग्रॅम कॅफीनमुळे विश्रांतीतील चयापचय दोन-अडीच तास तीन-चार टक्क्यांनी वाढतो. ऐकायला छान वाटते. हिशेब केला तर ही वाढ जेमतेम एका बदामाच्या कॅलरीएवढी भरते.

खरा फायदा वेगळाच आहे. दोन चमचे साखर आणि म्हशीचे अर्धा कप दूध घातलेल्या कॉफीत शंभराच्या आसपास कॅलरी असतात. दिवसातून तीनदा ती घेणारा माणूस कोऱ्या कॉफीकडे वळला, तर तीनशेच्या आसपास कॅलरी वाचतात. म्हणजे वजन उतरते ते न घातलेल्या साखर-दुधामुळे. त्या कॉफीसोबत बिस्किटे आली की हा हिशेब पुन्हा बिघडतो. लिंबू पिळून किंवा तूप घालून कॉफी घेतल्याने पोटावरची चरबी वितळते, या समजाला आधार नाही. तुपाच्या एका चमच्याने ४५ कॅलरी मात्र नक्की वाढतात.

व्यायामाआधी कॅफीन घेतल्यास दमश्वास आणि जोर थोडा वाढतो, हे प्रयोगांत सिद्ध झाले आहे. पण संध्याकाळी सातला जिमला जाणाऱ्याने तो लाभ झोप विकून घ्यायचा का, याचा विचार करावा.

उपाशीपोटीच्या कॉफीबद्दल एक उपयुक्त प्रयोग ब्रिटनच्या बाथ विद्यापीठात झाला. रात्री झोपमोड झालेल्या व्यक्तींना सकाळी नाश्त्याआधी कडक कोरी कॉफी दिली, तर त्यानंतर घेतलेल्या साखरेने रक्तशर्करा नेहमीपेक्षा सुमारे ५० टक्के अधिक वाढली. स्वयंसेवक केवळ २९ होते, सगळे निरोगी. तरीही मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांनी आधी थोडे खाऊन मग कॉफी घेणे शहाणपणाचे.

लोहाचा प्रश्न : आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचा

आता त्या मुलीकडे परत येऊ. कॉफीतील पॉलिफेनॉल्स आतड्यात लोहाला चिकटतात आणि ते रक्तात शिरू देत नाहीत. १९८३ मध्ये अमेरिकेत झालेल्या प्रयोगात जेवणाबरोबर एक कप कॉफी घेतल्याने लोहाचे शोषण ३९ टक्क्यांनी घटले. चहाने ६४ टक्क्यांनी. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट पुढे आहे. जेवणाच्या तासभर आधी कॉफी घेतली, तर शोषणात घट झाली नाही. तासभर नंतर घेतली, तर मात्र बरोबर घेतल्याइतकीच घट झाली. कारण उघड आहे : जेवण तासाभराने पोटातच असते.

गोळ्यांचेही तेच. स्वित्झर्लंडमध्ये लोह कमी असलेल्या स्त्रियांवर २०२३ मध्ये झालेल्या अभ्यासात कॉफीबरोबर घेतलेल्या गोळीतील लोहाचे शोषण निम्म्याहून अधिक घटले.

युरोपातील मांसाहारी पुरुषाला याने फारसा फरक पडत नाही. आपल्याकडे पडतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. त्याआधीच्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होते. आपले बहुतेक लोह पोळी-भाकरी, डाळी, पालेभाज्यांतून येते आणि या वनस्पतिजन्य लोहाचे शोषण आधीच कमी असते. त्यावर जेवण झाल्या झाल्या चहा किंवा कॉफी! राष्ट्रीय पोषण संस्थेनेही जेवणाआधी आणि नंतर किमान तासभर चहा-कॉफी टाळायला सांगितले आहे. नंतरच्या बाबतीत दीड-दोन तास थांबलेले अधिक चांगले. उलट जेवणात लिंबू, आवळा, पेरू असे काही असेल, तर त्यातील 'क' जीवनसत्त्व लोहाचे शोषण वाढवते.

रक्तदाब, हृदय आणि कोलेस्टेरॉल

सवय नसलेल्या माणसाचा रक्तदाब कॉफीनंतर तात्पुरता वाढतो. रोज पिणाऱ्यांत ही वाढ कमी होते. म्हणून रक्तदाब मोजण्याआधी किमान अर्धा तास कॉफी घेऊ नये. नाहीतर आकडा फसवा येतो. सौम्य रक्तदाब औषधाने काबूत असेल, तर एक-दोन कप चालतात. पण जपानमधील एका मोठ्या अभ्यासात १६०/१०० किंवा त्याहून जास्त रक्तदाब असलेल्या आणि रोज दोन किंवा अधिक कप कॉफी पिणाऱ्या व्यक्तींत हृदयविकार-पक्षाघाताने मृत्यूचा धोका न पिणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट दिसला. दिवसाला एक कप पिणाऱ्यांत तसा वाढलेला दिसला नाही. रक्तदाब एवढा असेल, तर आधी तो आटोक्यात आणावा.

छातीत धडधड होते म्हणून अनेक जण कॉफी सोडतात. २०२३ मध्ये अमेरिकेत १०० जणांवर झालेल्या प्रयोगात कॉफीच्या दिवशी हृदयाच्या वरच्या कप्प्यांतील जादा ठोके वाढले नाहीत. खालच्या कप्प्यांतील थोडे वाढले. त्या दिवशी माणसे हजारभर पावले जास्त चालली आणि रात्री ३६ मिनिटे कमी झोपली. कॉफीचे देणे आणि घेणे यात नेमके दिसते. धडधड जाणवत असेल, तर मात्र स्वतःच निष्कर्ष न काढता ईसीजी करून घ्यावा.

कोलेस्टेरॉल वाढलेल्यांनी कॉफी गाळण्याची पद्धत पाहावी. पावडर पाण्यात उकळून किंवा फ्रेंच प्रेसमध्ये केलेल्या कॉफीत कॅफेस्टॉल उतरते आणि ते एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढवते. कागदी गाळणीत ते अडकून राहते. इन्स्टंट कॉफीत ते नगण्य असते. माटुंग्याच्या उडुपी हॉटेलांत मिळणारी फिल्टर कॉफी धातूच्या गाळणीतून उतरते. कधीमधी घ्यायला हरकत नाही, पण कोलेस्टेरॉल जास्त असेल तर रोजचे चार कप नकोत.

कुणी जपून घ्यावी?

गरोदर स्त्रिया : दिवसाला २०० मिलिग्रॅम कॅफीनच्या आत राहावे, असे युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेसह अनेक संस्था सांगतात. त्यात चहा, कोला, चॉकलेट सगळेच धरायचे. म्हणजे कॉफीचा एकच कप पुरे. रक्तक्षय असेल तर तोही टाळलेला बरा.

थायरॉइडची गोळी घेणारे : रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर गोळी घ्यावी आणि नंतर किमान अर्धा ते एक तास कॉफी घेऊ नये. कॉफीमुळे गोळीचे शोषण घटते. 'डोस वाढवला तरी टीएसएच उतरत नाही,' अशा रुग्णांत हे कारण हमखास तपासावे.

आम्लपित्त आणि छातीत जळजळ असणारे : कॉफीने जठरातील आम्ल वाढते. प्रत्येकाला त्रास होतो असे नाही, पण ज्यांना होतो त्यांनी उपाशीपोटी घेऊ नये.

घबराट, अस्वस्थता, निद्रानाश असणारे : कॅफीनने ही लक्षणे वाढतात. प्रमाण कमी करावे.

लहान मुले : कॉफीही नको आणि एनर्जी ड्रिंक तर नकोच.

एकदम बंद करू नका. रोज तीन-चार कप पिणाऱ्याने अचानक कॉफी सोडली, की १२ ते २४ तासांत डोके दुखू लागते, चिडचिड होते, सुस्ती येते. उपासाच्या दिवशी दुखणारे डोके अनेकदा पित्ताने नव्हे, चुकलेल्या चहा-कॉफीने दुखत असते. रोज अर्धा कप कमी करत गेल्यास हा त्रास टळतो.

थोडक्यात

- निरोगी प्रौढाने दिवसभरात एकूण कॅफीन ३०० मिलिग्रॅमच्या आत ठेवावे, असे राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. कडक कॉफीचे दोन-तीन कप, तेही दिवसभरातील चहा धरून.
- कॉफी जेवणाच्या तासभर आधी किंवा दीड-दोन तासांनंतर. लोहाच्या आणि थायरॉइडच्या गोळीबरोबर कधीच नाही.
- दुपारी दोननंतर शक्यतो नको.
- कडवट वाटते म्हणून साखर घालण्याऐवजी पावडर कमी घ्या.
- नाश्त्याच्या जागी नको. नाश्ता वेगळा, कॉफी वेगळी.

त्या मुलीची कॉफी मी बंद केली नाही. लोहाची गोळी सकाळी लिंबूपाण्याबरोबर, त्यानंतर पोहे, उपमा किंवा अंडे असा नाश्ता, कॉफी अकराला एकदाच आणि जिमआधीचा कप रद्द, एवढाच बदल सुचवला. पाळीच्या तक्रारीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवले. तीन महिन्यांनी ती रिपोर्ट घेऊन आली तेव्हा हिमोग्लोबिन ११.२ झाले होते. आईचा मात्र दुसराच प्रश्न होता. "डॉक्टर, मग मी जेवणावर लगेच चहा घेते, त्याचं काय?"

त्या माउलीचे हिमोग्लोबिन कुणी तपासलेच नव्हते. तपासले तर ते ९.४ निघाले.